शेवटचा शब्द

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. खाडीकाठची भातशेती कंपनीला द्यावी का, यावर गावकऱ्यांचं मतदान झालं, तेव्हा मी पेणच्या सरकारी कचेरीत कारकून होतो आणि मतदानाच्या टेबलावर माझी नेमणूक होती. बोटाला शाई लावून घेताना एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "सायेब, आमचा शब्द शेवटचा ना?" रांग मोठी होती. मी मान डोलावली. मतदान फक्त कल जाणून घ्यायला आहे, हे मला ठाऊक होतं.

मग दर मंगळवारी ती निकाल विचारायला यायची. चपला दाराबाहेर काढून बाकावर एकटीच बसायची. "वर पाठवलाय," मी सांगायचो. शेवटी एकदा खरं बोललो, "जमीन घ्यायचा कायदा संसदेचा आहे, बाई. शेवटचा शब्द तिचा."

ती हसली. "आमच्यात खाडीचा बांध फुटला की घरटी एक मानूस चिखलात उतरतो. जो उतरला नाय, त्याला बैठकीत बोलाया देत नाय. तुमची संसद कवा उतरली?"

ती पुन्हा आली नाही. आता मी रोह्याजवळच्या वरसे गावात एकटा राहतो. कधी मंगळवारी एसटीनं त्या बांधावर जातो. पण तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. चौकशी कुणाची करणार? खाडीकडे बघत मनातल्या मनात म्हणतो, "बाई, त्या दिवशी मी मान डोलवायला नको होती."