टाक्यात आवळलेली रक्तवाहिनी

ती निपाणीकडची. बंगळूरच्या मारतहळ्ळीत नवऱ्याबरोबर खाणावळ चालवायची. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, त्यात हृदयाचा एक व्हॉल्व्ह आखडला होता. पोळ्या लाटतानाही आता दम लागत होता. मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या सकाळी तिला म्हटलं, "स्वल्प मान वर करा."

ती हसली. "अक्का, तुमचं मराठी पार कन्नडात भिजलंय की."

"बसवनगुडीत आमच्या किती पिढ्या गेल्या, कुणास ठाऊक."

"मग चालायचंच," म्हणत तिनं मान वर केली.

आमच्या सर्जननी नवा व्हॉल्व्ह बसवला, नेहमीसारखाच सावकाश. हृदय पुन्हा धडधडू लागलं. तोवर हृदयाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन बंद करत आणलं, तेव्हा मी हृदयाची हालचाल दाखवणाऱ्या एकोच्या पडद्याकडे पाहिलं. हृदयाची डावी भिंत हलत नव्हती.

"सर, डावी भिंत थांबलीय."

त्यांचे हात थबकले. व्हॉल्व्हच्या कडेला लागूनच हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी जाते. टाका घालताना ती दिसत नाही. तीच एका टाक्यात आवळली गेली होती.

"पुन्हा मशीनवर घ्या," एवढंच ते म्हणाले. पायातली शीर काढून त्यांनी बायपास जोडला. रक्त वाहू लागलं. भिंत जराशी थरथरली, त्यापुढे काही नाही. औषधं वाढवली, हृदयाला आधार म्हणून महाधमनीत फुगा घातला. रक्तदाब चढायचा, आम्ही श्वास सोडायचो, आणि तो पुन्हा घसरायचा. आयसीयूत मूत्रपिंडं थकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही.

सर्जननी नवऱ्याला काही न लपवता सगळं सांगितलं, पण हिंदीत. तो माझ्याकडेच बघत राहिला. मी तेच मराठीत सांगितलं. वाहिनी टाक्यात सापडली. लगेच कळलं. जमेल ते केलं. नाही वाचवू शकलो.

तो म्हणाला, "आणि तो व्हॉल्व्ह? तो तरी नीट बसला होता का?"

"हो. चांगला चालत होता."

"असं," तो म्हणाला, आणि दाराशी काढलेल्या चपला घालायचं विसरून तसाच बाहेर गेला. मी त्या उचलून त्याच्या मागे गेले.

परतले तर सर अजून तिथंच उभे होते. "उद्याची पहिली केसही व्हॉल्व्हचीच आहे," ते म्हणाले.

मी त्या केसची फाईल उघडून त्यांच्यासमोर धरली.