समुद्र आधी कुणी चाखायचा

जोडीनं फिरणारी माणसं गंमत दिसली की तिथल्या तिथं वाटून संपवतात. एकट्याच्या किश्शांचं तसं नाही. ते साचत जातात. माझे कोकणातले असेच साचलेत.

मुळात ही सहल दोघांची होती. मी मुरूमच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि समुद्र कधी पाहिलेला नव्हता. माझी पत्नी वत्सला यावरून चिडवायची, "न पाहिलेलं पोरांना शिकवता तरी कसं हो? खारट असतं म्हणता, चाखलंय का?"

"मे महिन्यात जाऊ आणि चाखू."

"पण आधी मी, मग तुम्ही! अळणी आमटीलासुद्धा छान म्हणता. तुमच्या जिभेवर माझा भरवसा न्हाय!"

ती माहेरी, सोनारीला जत्रेला गेली. एका साध्या मंगळवारी मी सातवीच्या फळ्यावर कोकणचा किनारा काढत होतो. रत्नागिरीपर्यंत आलो, तर शिपाई दारात. "गुर्जी, खडू ठिवा. तुमचे मेव्हणे आलेत." मेव्हण्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळलं. तापाचं निमित्त झालं होतं.

मे महिन्यात मी एकटाच निघालो. रत्नागिरीपासून खाली.

एका खाडीवर एस.टी. थांबली. पुढं होडीनं पलीकडं जायचं; तिथल्या भाषेत त्या होडीला 'तर' म्हणतात. पलीकडं दुसरी गाडी उभी. मी तरवाल्याला विचारलं, "कधी सोडणार?"

"पलीकडची गाडी सुटाच्या येळेक."

मी पलीकडं ओरडून विचारलं, "गाडी कधी सुटणार?"

ड्रायव्हर ओरडला, "तर इली की!"

मी तरवाल्याला म्हटलं, "अहो, मग दोन्ही निघतात कशा?"

"तां आमकां काय म्हायत? रोज जातत!"

आणि खरंच गेलो की!

देवगडकडं एका घरी मुक्काम होता. घरच्या आजींनी आंघोळीला हंडाभर पाणी काढून दिलं. आमच्याकडच्या सवयीनं मी अर्ध्यात उरकलं आणि उरलेलं झाकून ठेवलं.

"ह्यां कोणाक ठेवलात?"

"उद्याला."

विहीर दारातच, काठोकाठ. आजी विहिरीकडं बघत राहिल्या, मग सुनेला हाक मारली, "अगो, पावण्यांसाठी उद्या पाणी काढू नको हां! त्यांचां आसा!"

दुसऱ्या दिवशी मला तेच मिळालं!

कुठंही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "खंयसून इलात?" उस्मानाबाद म्हटलं की, "म्हणजे निजामाकडचे?"

"तो गेला हो! आता आपलं राज्य एकच."

एका खानावळवाल्यानं यावर मान डोलावली, ताटात एक मासा वाढला आणि म्हणाला, "मगे खावा! आता तुमकां लाजूक नको."

मी शाकाहारी. पण राज्याचा प्रश्न होता! मासा तसाच राहिला, सोलकढी मात्र दोनदा घेतली.

शेवटी मालवण. किनाऱ्यावर मी वाळूत बसलो, वहाणा पायातच. बाजूला एक म्हातारी सुकी मासळी उलटत होती. बराच वेळ तिनं पाहिलं.

"पाण्यात जायत नाय? भियतात काय?"

"नाही."

"मगे? मागसून कोण येवचां आसा?"

"यायचं होतं."

तिनं पुन्हा मासळीला हात घातला. मासळीची ओळ उलटून झाल्यावर म्हणाली, "मगे बसा. दर्यो खंय जातलो?"

संध्याकाळपर्यंत बसलो. मग शेवटची एस.टी. गाठली.

पाणी चाखायचं राहिलं.