नऊ तिकिटं

शिकागोला जाणाऱ्या उपनगरी गाडीत मी कंडक्टर आहे. मंडळाच्या गणपतीत भेटणारे निवृत्त डॉक्टर काका दरवर्षी विचारतात, "म्हणजे आपल्या एस.टी.सारखंच ना गं?" मी म्हणते, "तसंच काका, फक्त घंटेची दोरी नाही."

नोकरीला लागले तेव्हा गाडीत रोख पैसे घेऊन तिकिटं विकावी लागत आणि त्याचा रोजचा वेगळा भत्ता मिळे. मग तिकिटं फोनवर आली. दोन वर्षांपूर्वी नव्या कराराच्या वेळी रेल्वेनं सांगितलं, गाडीत विक्री उरलेली नाही, तेव्हा भत्ता बंद. युनियननं संपाची तयारी केली. नवऱ्याचा जॉब नुकताच गेला होता आणि घराचा हप्ता माझ्या पगारावर चालला होता. संप झाला तर पगार थांबणार, भत्ता गेला तर तो कायमचा जाणार.

प्रत्येक फेरीची नोंद मी पहिल्यापासून वहीत ठेवते. सहकारी त्यावरून मला 'ऑडिटर' म्हणतात. वाटाघाटींच्या आदल्या दिवशी युनियनच्या प्रतिनिधीनं वही चाळली. पूर्वी मी आठवड्याला दीडशेच्या आसपास तिकिटं विकत असे. शेवटच्या आठवड्यात नऊ.

"हे पान फाड," तो म्हणाला. "तू त्यांच्या बाजूची की आमच्या?"

"शेजारचा रकाना वाच आधी."

त्यात फोन असून योग्य तिकीट दाखवू न शकलेले प्रवासी होते. बॅटरी संपलेले, चुकीच्या झोनचं, म्हणजे चुकीच्या टप्प्याचं तिकीट काढलेले, ॲप उघडतच नाही म्हणणारे आजोबा. त्याच आठवड्यात एकशे त्रेसष्ट. प्रत्येकाजवळ थांबून मी मार्ग काढून दिला होता.

"मग हाच आकडा सांगू. नऊ कशाला?"

"नऊ लपवले, तर एकशे त्रेसष्टवर कोण विश्वास ठेवेल?"

दुसऱ्या दिवशी मलाही आत बोलावलं. नऊ ऐकून रेल्वेचे अधिकारी हसले. "बाई, तुम्ही तर आमचंच काम सोपं केलंत." मी दुसरा रकाना वाचला. त्यांनी लॅपटॉप उघडला, मधलाच एक मंगळवार निवडला आणि विचारलं, माझ्या गाडीत चुकीच्या झोनची तिकिटं किती बदलली गेली? मी वहीत पाहून सांगितलं, सात. त्यांच्या पडद्यावरही सातच होती. त्यानंतर ते हसले नाहीत.

करारात 'तिकीटविक्री भत्ता' खोडून 'तिकीट-मदत भत्ता' असं लिहिलं गेलं. रक्कम तीच राहिली. संप टळला आणि त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला. बाहेर आल्यावर प्रतिनिधी म्हणाला, "ऑडिटर, एक वही मलाही आण." मला अभिमान वाटला, तो जास्त करून त्या न फाडलेल्या पानाचा.

यंदा गणपतीत काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता तू तिकिटं विकतच नाहीस!"

"विकते ना काका," मी म्हटलं. "काल दोन विकली."