नवसाचं दावं

पोथीतल्या दोन अध्यायांनी मला वर्षभर छळलं. मी चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते. एका अध्यायात आहे, देवीला बळी द्यावा, ती तृप्त होते. पुढं दुसऱ्यात देव म्हणतो, भक्तीनं दिलेलं पान, फूल, पाणीसुद्धा मला पुरतं. मग खरं कोणतं? पोथी सांगणाऱ्या काकांना आडून विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्ही खरं, बाई." मी मान हलवली आणि घरी आले.

विचारण्याचं कारण आमच्या गोठ्यात बांधलेलं होतं. आदल्या पावसाळ्यात माझी लेक तापानं धाराशिवच्या दवाखान्यात होती. आठ दिवस तिनं डोळे नीट उघडले नाहीत. तिथल्या बाकावर बसून मी गावच्या लक्ष्मीआईला बोकड बोलले. लेक बरी होऊन घरी आली, त्याच आठवड्यात आमची शेळी दोन दिवसांचं पिल्लू मागं ठेवून मेली. ते मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "नवसाचा हाय, नाव ठिवू नको." नाव ठेवलं नाही. पण माझं पाऊल वाजलं की तो ओरडायचा. नवस फेडायला मन धजेना, आणि न फेडावा तर लेकीच्या जिवाची धास्ती.

मंगळवारी सकाळी देवळापुढं भावकी जमली. आमच्याकडं बोकडाच्या अंगावर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला असं समजतात. भावजींनी तांब्या ओतला. बोकड नुसता उभा. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. "घे आई, घे," सगळे म्हणत होते. दावं धरून मी मनात म्हणत होते, आई, नको घेऊस.

लिंबाखाली देवीच्या नावानं जोगवा मागणारी एक आराधीण टेकली होती. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी. आमच्या गावची नव्हती. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तिनं नगं म्हणावं म्हणून थांबलीस व्हय? अन् घेतला तर? तू तर अजून दिलाच न्हाईस."

तेवढ्यात बोकडानं अंग झाडलं. थेंब माझ्या तोंडावर उडाले.

मी चार माणसांत कधी बोललेली नाही. लग्नात माझा उखाणासुद्धा नणंदेनं घेतला होता. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "देवीनं घेतला ना? मग आता तो तिचा. तिच्या जित्राबावर आपण सुरी कशी चालवायची?"

भावजी हसले. "चौथी शिकली अन् पुराण सांगाय लागली! मसाला वाटून ठिवलाय वैनी, आता पाटा चाटायचा का?"

"त्यात वांगी घालते, भावजी."

लोक हसले. आत्या हसल्या नाहीत. "अन् पोरीला परत काय झालं तर?"

"पोर बी तिचीच हाय, आत्या. दोन्ही तिच्या पायावर घातली."

आत्यांनी पुढं होऊन बोकडाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "सोड." गाठ सोडताना माझा हात जड झाला. आराधीण खरं बोलली होती. मी तो दिला, तो त्या घटकेला. तिच्या परडीत पीठ घालायला वळले, तर ती नव्हती. तेरला जाणाऱ्या गाडीत बसून गेली म्हणे.

त्याला दोन पावसाळे झाले. लेक सायकलवर शाळेला जाते. बोकड गावभर हिंडतो आणि भाकरी खायला भावजींच्याच दारात उभा राहतो. यंदा वरच्या आळीतल्या एका बाईनं नवस फेडायच्या आधी मला बोलावलं, "पोथीत काय हाय ते वाचून दाखव." मी पदर सावरून बसले आणि अक्षराला अक्षर लावत दोन्ही अध्याय वाचले. एकही लपवला नाही. आवाज कापला नाही, याचा मला अभिमान वाटतो, पण तो आवाज मला लक्ष्मीआईनंच दिला, हे मी विसरत नाही.

रिकामं दावं गोठ्यात खुंटीला आहे. त्यात मी दुसरं जनावर बांधलेलं नाही.