निळ्या सुटाखालचे तपकिरी ब्रोग

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — पत्नीपाशीही नाही. आता बोलतो आहे, कारण माझ्याविषयी इतरांनी चालवलेल्या गोष्टी मला यापुढे ऐकवत नाहीत.

निगडीत आमच्या कारखान्यातल्या निवृत्तांची बैठक बसते. एक म्हणतो, मी बुटांचा शौकीन होतो. साफ चूक. शौक निराळा, शिस्त निराळी. चामड्यावर भोकांची नक्षी असलेले ब्रोग कशाखाली घालावेत, याचे माझे नियम होते — करड्या सुटाखाली काळे, निळ्याखाली गडद तपकिरी, सुती पँटखाली फिकट. दुसरा म्हणतो, चाकणच्या कारखान्यात मी व्यवस्थापक असेतोवर सुरक्षेचा नियम कधी मोडला गेला नाही. हेही चूक. तो मी मोडला.

त्या दिवशी परदेशी ग्राहक यायचे होते. निळा सूट घातला होता. सेफ्टी शूज घातल्याशिवाय शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या विभागात, पाऊल टाकायचे नाही, हा माझाच हुकूम. पण त्या सुटाखाली ते बोजड काळे बूट? — मी तपकिरी ब्रोग घालूनच पाहणीला गेलो.

जेवणाची सुट्टी होती. आत फक्त दत्ता, कंत्राटावरचा कामगार, मशीन पुसत होता.

"काय सायेब, लग्नाला निघालाव का? अन् बुटाला एवढी भोकं — उंदरं लागली व्हय?"

हसलो असतो तर काय बिघडले असते? मी मान ताठ करून वळलो, आणि सांडलेल्या तेलावरून चामडी तळ सटकला. दत्ता धावला. त्याने मला सावरले, पण तो स्वतः घसरला; मशीनच्या कडेवर आपटून त्याचे मनगट मोडले.

बैठकीत अजून कौतुक होते — साहेब स्वतः मदतीला धावले! धावलो, खरे. कुठे? केबिनमध्ये. तो तिकडे कण्हत होता, आणि मी — मी सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत होतो. दोन्ही पायांच्या. नीट. मग फोन केला.

सुरक्षा अधिकारी आल्यावर दत्ता म्हणाला, "सायबाच्या पायात तपकिरी बूट व्हते. तेच घसरले, मी धराया गेलो." अधिकाऱ्याने माझ्या पायांकडे पाहिले. दत्तानेही पाहिले. मग माझ्या तोंडाकडे.

मी म्हणालो, "शॉपमध्ये पळत होता. आता खोटे बोलतो आहे."

हाड जुळल्यावर दत्ता फाटकावर आला, तेव्हा कंत्राटदाराने त्याला आत घेतले नाही. माझा एक शब्द पुरला असता. मी खिडकीतून पाहत होतो.

परवा बैठकीत कुणीतरी म्हणाले, त्या दत्ताची नोकरी निष्काळजीपणामुळे गेली. मी नेहमीप्रमाणे चहा घेत राहिलो.

तो निष्काळजी नव्हता. तो मला धरायला धावला होता.