शैला त्या दिवशी खोटं बोलली

शैलाच्या नवऱ्याचा, सुधाकरभावोजींचा फोन आला तेव्हा मी मिरजोळ्याच्या कारखान्यात आमरसाचे डबे पुसत होते. "ताई, शैला गेली," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि हातातला डबा पुसून संपवला... दीड महिना झाला, पण त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते.

या कारखान्यात आम्ही दोघी एकोणीस वर्षं एका टेबलाशी उभ्या होतो. मग तिच्या छातीत गाठ निघाली. उपचार कोल्हापूरला. सुधाकरभावोजींना रजा मिळाली नाही की मी सोबत जायची. आंबा घाटात तिला उलट्या व्हायच्या. तोंड पुसून ती ड्रायव्हरला ओरडून सांगायची, "सावकाश हाका हो, पोटात आता काय उरलं नाय माझ्या!" अख्खी एसटी हसायची. मला मात्र हसू यायचं नाही.

त्यातून ती उठली. दर हिवाळ्यात आमच्याकडे भाट्याच्या किनाऱ्यावर कॅन्सरच्या रुग्णांच्या मदतीसाठी दौड होते. पळणारे पळतात, आणि या दुखण्यातून उठलेली माणसं पिवळे टी-शर्ट घालून दोन किलोमीटर चालतात. पहिल्या वर्षी आमच्या बाजूची शैला एकटीच होती. मग ती बायका शोधायला लागली. दुखणं शेजारणीलाही कळू न देणाऱ्या बायका. त्यांच्या पडवीत जाऊन बसायची, पुरुषमाणसं उठून गेली की पदर बाजूला करून सपाट छाती दाखवायची आणि म्हणायची, "बघ गो. मी हाय ना अजून?" तीन वर्षांत चौदा जणी झाल्या. पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या बाजूने चालायचं, कुणाला चक्कर आली तर सावलीत बसवायचं, हे माझं काम.

गेल्या दौडीच्या आठ दिवस आधी तिची पाठ धरली. तपासणीला मीच घेऊन गेले. दुखणं हाडांत उतरलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने चप्पल नीट केली आणि म्हणाली, "दौड होईस्तोवर कुणाला सांगायचं नाय. ह्यांनाही नाय." मी म्हटलं, "अगो, नवऱ्यापासून लपवतेस?" तर म्हणाली, "ह्यांचं तोंड बघून सगळ्यांना कळेल. अश्विनी येणाराय त्या दिवशी."

अश्विनी आमच्यातली सगळ्यात लहान, एकतीस वर्षांची. एका केमोनंतर तिने हाय खाल्ली होती. पुन्हा जाणार नाही म्हणून घरात बसली होती. शैला तिच्याकडे पाच वेळा जाऊन आली होती.

दौडीच्या सकाळी शैलाला माईकसमोर बोलावलं. माझा खांदा सोडून ती एकटी पुढे गेली. "मी पूर्ण बरी झाले," ती म्हणाली, "माझ्यात आता काही शिल्लक नाही. तुमच्यातही राहणार नाही." टाळ्या पडल्या. अश्विनी रडत होती. मग शैला चालायला लागली. पहिला किलोमीटर ती बोलत होती, दुसऱ्यात तिचा सगळा भार माझ्यावर आला. लोकांना वाटलं मैत्रिणी गळ्यात हात घालून चालल्यात. कुणीतरी आमचा फोटोही काढला.

त्याच आठवड्यात अश्विनी कोल्हापूरला गेली. तिचे सगळे केमो पुरे झाले. पण तोवर शैला अंथरुणाला खिळली होती. अश्विनी पेढे घेऊन आली तेव्हा शैलाने मला दाराशी पाठवलं. "मुंबईला बहिणीकडे गेल्येय म्हणून सांग." मी सांगितलं. आतून कण्हण्याचा आवाज आला. अश्विनी पेढे तसेच घेऊन परत गेली.

तेराव्याला ती आली. सगळे जेवत असताना मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, माईकवर बोलल्या तेव्हा त्यांना माहीत होतं?" नाही म्हणायला हवं होतं. शैला असती तर सहज म्हणाली असती. मी "हो" म्हटलं. "म्हणजे मला बरी झालीस म्हणतात, तेही असंच असेल," ती म्हणाली. पुढच्या तपासणीची तारीख तिने चुकवली. मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्या वेळी तिच्या सासूने बाहेरूनच वळवलं... या हिवाळ्यात चौदापैकी किती येतील, मला सांगता येत नाही. मी त्यांच्याशी काय बोलू?

शनिवारी कामावरून सुटले की मी सुधाकरभावोजींकडे डोकावते. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला सांगितलं तिने, मला का नाही?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "माझं तोंड मी झाकून घेतलं असतं हो." ते आता पडवीत झोपतात. मात्र रोज सकाळी तिच्या खोलीतल्या पलंगावरची चादर झटकतात, सुरकुती काढतात, उशी सरळ करतात. मी गेले की आम्ही दोघं त्या खोलीच्या उंबऱ्याशी जरा वेळ उभे राहतो. मग ते दार ओढून घेतात.