खोटं बोलायला वेळ नाही

"खोटं बोलायला मला वेळ नाही," असं म्हणून तो सुरीची मूठ काउंटरवर आपटायचा. ठक्. विषय संपला. तुम्ही कितीही मोठं गिऱ्हाईक असा, त्यानंतर बोलायची सोय नसे.

डून लेरी या आयरिश गावात स्टेशनातून वर आलं की डाव्या हाताला त्याचं लेबनीज मिठाईचं दुकान होतं. साठीचा बुटका माणूस, पांढऱ्या मिशा, कपाळावर कायमची आठी. कुणी विचारलं, "बकलावा ताजा आहे का?" तर म्हणायचा, "कालचा आहे. आजचा हवा तर चारला ये." कुणी म्हणालं, फार गोड आहे, तर, "मग समोर पाव मिळतो."

एकदा एक मुलगी कुनाफ्याचे फोटो काढत बसली होती. कुनाफा म्हणजे खाली वितळलेलं चीज, वर कुरकुरीत शेवया, त्यावर पाक. गरम आहे तोवरच त्यात जीव. हा हाताची घडी घालून बघत राहिला. तिने शेवटी चमचा उचलला, तेव्हा आला, बशी उचलून कचऱ्यात उपडी केली आणि तिचे पैसे टेबलावर ठेवले. "फोटो झाला ना? तोच खा."

मुलगी रडत गेली. मी हसले. मी पडले पुण्याची. दुकानदाराने अपमान केल्याशिवाय मला वस्तू चांगली असल्याची खात्रीच पटत नाही.

दर शुक्रवारी डार्ट लोकलमधून उतरले की मी त्याच्याकडे जायची. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "यात अंडं आहे का?" तो म्हणाला, "नाही." झालं. अंडं नाही म्हणजे शाकाहारी, हे आपलं गणित. पुढचं कोण विचारतो? मी आमच्या मराठी मंडळाला त्याचा नाद लावला. तीन वर्षं दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याच्याकडूनच मोठमोठे थाळे यायचे. "व्हेज-नॉनव्हेजचं टेन्शन घेऊ नका, ते मी बघते," असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायची.

मग तासगावहून माझ्या सासूबाई आल्या. माळकरी. कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. त्यांना मी दोन महिने दर शुक्रवारी कुनाफा खायला घातला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी, पण दोघांचं जमलं. थाळ्याच्या कडेचा कुरकुरीत तुकडा तो त्यांच्यासाठी राखून ठेवायचा. "हा आईचा." आणि कुणालाही न दाखवलेले दात दाखवून हसायचा.

सासूबाईंनी जन्मभर घरच्या म्हशींचं दूध हाताळलेलं. एका शुक्रवारी त्या घास चावता चावता म्हणाल्या, "इचार की त्याला, दूध कशानं फाडतोस म्हणावं. असं ताणतंय कसं?"

मी विचारलं. त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कामाचा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. "वासराच्या पोटातून काढतात त्या विरजणाने," तो म्हणाला. "माझे आजोबा तेच वापरायचे." मी ‘लिंबू’ असं भाषांतर करायच्या तयारीत होते. पण त्याला त्या आईशी स्वतः बोलायचं होतं. त्याने कपाळावर दोन बोटांची शिंगं केली, "मूऽ" केलं आणि पोटावरून सुरी फिरवून दाखवली.

सासूबाईंनी तोंडातला घास पदरात घेतला. घरी आल्यावर गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली आणि तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिल्या.

नवऱ्याने विचारलं, "तू विचारलं नव्हतंस?" मी म्हणाले, "विचारलं होतं. सगळं शाकाहारी आहे म्हणाला." काय करणार होते? घर, मंडळ, सगळे माझ्याकडेच बघत होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्या दिशी तर त्यानं झटक्यात सांगितलं की." मी कुकर लावायला उठले.

मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली. मग दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर आमच्या लोकांचे पाचांपैकी एकेक तारे पडायला लागले. लबाड. फसवा. आमच्या श्रद्धेशी खेळला. यांतले निम्मे लोक शनिवारी पिझ्झा खातात, त्यातलं चीज कशाचं ते कुणी कधी विचारलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मीही एक तारा दिला. नाही दिला तर विचित्र दिसलं असतं.

पंधरा दिवसांनी रस्त्यात त्याने मला गाठलं आणि दुकानात नेलं. चष्मा लावून फोन पुढे धरला. "खडूस म्हण, महाग म्हण, ते खरं आहे. पण खोटारडा?" सुरी हातात होती, आपटली नाही. "तू सुरुवातीपासून येतेस. मला कुणी चीजबद्दल विचारलं होतं का? मला आठवत नाही."

एका शब्दाचं काम होतं. नाही. तो शब्द फक्त माझ्याकडे होता.

मी म्हणाले, "विचारलं होतं मी. पहिल्याच वर्षी."

त्याने सुरी खाली ठेवली. मग खुर्चीवर बसला. "माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "आधी छोट्या गोष्टी विसरायचे." आणि त्याने माझी माफी मागितली. माझी.

पुढच्या शुक्रवारी त्याने लिंबाने फाडलेल्या चीजचा छोटा थाळा दिला. "ताणत नाही, चुरा होतो. विकण्यासारखा नाही. पण आईला दे." सासूबाईंनी माळ पुन्हा घातली होती. त्यांनी देवाला दाखवून तो खाल्ला. "लिंबू जरा जास्त झालंय. पर चांगला हाय, सांग त्याला." दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. मी त्याला काहीच सांगितलं नाही.

दिवाळीला आम्ही पाकिटातले गुलाबजाम वाटले. कुणीतरी डून लेरीच्या लबाडाचा विषय काढला, सगळे हसले, मीही हसले.

त्यानंतर मी एकदाच आत गेले. एक आयरिश आजी विचारत होती, "आजचा आहे ना हा?" त्याने थाळ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे. "असावा," तो म्हणाला. "थांबा, मी लिहून ठेवलंय." आजी म्हणाली, "ग्रँड, असू दे." तो तरी चिठ्ठी वाचत राहिला, बोट ठेवून, ओळीओळीने. मी काही न घेता बाहेर पडले.

नाताळनंतर दुकान उघडलं नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. इंटरनेटवर दुकान कायमचं बंद असल्याचं दिसतं, आणि खाली आमचे तारे आहेत. माझा एक काढता येतो. मी काढलेला नाही. काढला तर कुणी विचारेल, का काढला.

सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, "त्या बाबाचं दुकान कसं चाललंय गं? लिंबाचं सांगितलंस का त्याला?"

"सांगितलं, आई. जोरात चाललंय. तुमची आठवण काढतो."

मला वेळ असतो.